कोल्ह्याच्या तोंडी उपासनेची भाषा

पंचतंत्रातील करटक व दमनक या दोन कोल्ह्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना शालेय वयातच झालेली असते. सिंह व बैल यांची दृढ मैत्री, त्या मैत्रीत दमनकाने कालवलेले विष, आणि अखेर सिंहाच्या पंजाखाली पडलेला निरपराध संजीवक ही कथा आपल्या घरची आहे. ‘घरची’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे, कारण ज्या महिलारोप्य नगरात अमरशक्ती राजा राज्य करीत होता ते नगर ग्रंथकाराने दाक्षिणात्य जनपदातच वसविले आहे. मात्र हेच दोन कोल्हे मध्ययुगात सर्बियातील हस्तलिखितांत जाऊन बसले, आणि ज्या भाषेत तेथे शुभवर्तमान वाचले जाई व स्तोत्रे गायिली जात, त्याच भाषेत एकमेकांशी खलबते करू लागले, ही गोष्ट फार थोड्या वाचकांच्या कानी आली असेल. गेली काही वर्षे धर्मग्रामाच्या व्यापातून जो वेळ हाती लागतो त्यात आम्ही जुन्या स्लाव्होनिक भाषेच्या व्याकरणाचे बोट धरून या कोल्ह्यांचा माग काढीत आहोत. त्यांच्या प्रवासाची हकीकत अनेकांनी लिहिली आहे. आम्हांला कुतूहल वाटते ते त्यांच्या तोंडच्या भाषेचे.

तरीही प्रवासाचा मार्ग थोडक्यात सांगितला पाहिजे. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान (५३१-५७९) याच्या दरबारातील बुर्झोय नावाच्या वैद्याने हा ग्रंथ पेहलवी भाषेत नेला. ते भाषांतर काळाच्या उदरात गडप झाले. परंतु त्यावरून ५७०च्या सुमारास सिरियाक भाषेत झालेले भाषांतर टिकले. त्याचा कर्ता बूद नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू होता, असे निसिबिसचे महागुरुस्वामी अब्दीशो (मृत्यू १३१८) यांनी आपल्या ग्रंथसूचीत नोंदविले आहे. बूद हा ‘पेरिओडेउत’ होता; म्हणजे बिशपांच्या वतीने गावोगावच्या मंडळ्यांना भेटी देत फिरणारा अधिकारी. त्याच्याकडे इराणातील व हिंदुस्थानातील ख्रिस्ती जनांची देखरेख होती असेही ती सूची सांगते. आम्हांला हा बूद अगदी आपल्यातला वाटतो. ज्याला अनेक गावांची भांडणे ऐकावी लागतात, त्याला कोल्ह्यांच्या कथेचे मोल कळायला वेळ लागत नाही.

पुढे आठव्या शतकाच्या मध्यास अब्दुल्ला इब्न अल्-मुकफ्फा याने पेहलवीवरून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ रचले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँटिओकच्या सिमेऑन सेथ या विद्वानाने ते सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस यांच्यासाठी ग्रीकमध्ये आणले, आणि ग्रीकवरून बाल्कन भूमीत स्लाव्होनिक भाषांतर झाले. दुसरी एक शाखा हिब्रूमार्गे पश्चिमेस गेली. यहुदी धर्मातून ख्रिस्तसभेत आलेल्या कापुआच्या जॉनने तेराव्या शतकात तिला लॅटिन रूप दिले, आणि त्या पुस्तकाला ‘मानवी जीवनाचा मार्गदर्शक’ अशा अर्थाचे भारदस्त नाव ठेवले. ती शाखा येथे बाजूस ठेवू.

या प्रवासात कोल्ह्यांच्या नावांची झालेली गत मोठी मौजेची आहे. संस्कृतात करटक म्हणजे कावळा व दमनक म्हणजे दमन करणारा. अरबीत ‘कलीला’ व ‘दिम्ना’ हे त्यांचे नुसते नाद उरले. सेथला ‘कलीला’ या शब्दात ‘इकलील’ म्हणजे मुकुट ऐकू आला असावा. त्याने त्या कोल्ह्याचे नाव ‘स्तेफानितेस’, म्हणजे मुकुटधारी, असे केले. ‘दिम्ना’ म्हणजे मुक्काम हलल्यावर मागे उरलेल्या वस्तीच्या खुणा. म्हणून दुसरा झाला ‘इख्नेलातेस’, माग काढणारा. स्लाव्होनिक भाषांतरकाराने मात्र नावांचा अर्थ लावण्याच्या फंदात न पडता ती ‘स्तेफानित’ व ‘इखनिलात’ अशी तशीच ठेवली, आणि ग्रंथालाही तेच नाव मिळाले. आता सर्बियाचा इतिहास पाहावा. तेथील नेमानिच राजघराण्यातील राजे गादीवर येताना ‘स्तेफान’ हे नाव धारण करीत. १२१७ साली त्यांच्यापैकी ज्याला पोप होनोरियस तिसरे यांच्याकडून राजमुकुट मिळाला, त्याला इतिहास ‘प्रथम-मुकुटधारी स्तेफान’ म्हणूनच ओळखतो. आद्य रक्तसाक्षी संत स्तेफन यांचे नावही त्याच धातूचे. राजांचे, संतांचे आणि कोल्ह्याचे नाव एकाच मुळातून यावे, आणि ते वाचून त्या काळच्या एखाद्या मठवाशाच्या ओठांवर हसू उमटले असावे, असे आम्हांला उगीचच वाटते.

आता भाषेकडे वळू. नवव्या शतकात संत सिरिल व संत मेथोडियस या बंधूंनी स्लाव्ह लोकांसाठी लिपी घडविली व शुभवर्तमान त्यांच्या बोलीत उतरविले, हे आपण जाणतो. क्रुसावरील फलक हिब्रू, लॅटिन व ग्रीक या तीन भाषांत लिहिला होता, तेव्हा देवाची स्तुतीही त्याच तीन भाषांत व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांशी संत सिरिल यांनी व्हेनिसमध्ये वाद केला. पुढे रोममध्ये पोप हेड्रियन दुसरे यांनी स्लाव्होनिक उपासनाग्रंथांना मान्यता दिली. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी संत सिरिल रोममध्येच निवर्तले व संत क्लेमेंत यांच्या महामंदिरात त्यांचे दफन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली या दोघा बंधूंना युरोपचे सहआश्रयदाते संत म्हणून घोषित केले. लोकभाषेतील मिस्सा आपल्याला मिळाली ती १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केल्यानंतर. स्लाव्ह लोकांना ती अकराशे वर्षे आधी मिळाली होती.

पण लोकभाषा ही वाहती असते व उपासनेची भाषा थांबून राहते. दोनतीन शतकांत स्लाव्होनिक ही कोणाच्याही घरात बोलली न जाणारी, केवळ ग्रंथात व वेदीपाशी ऐकू येणारी भाषा झाली. सर्बियात तिला तेथील उच्चाराचे वळण लागले. मूळ स्लाव्होनिकात मांसाला जो शब्द होता त्यात आपल्या ‘मांस’ शब्दासारखाच नासिक्य स्वर होता. सर्बियन नकलनवीस तो शब्द ‘मेसो’ असा लिहू लागले, कारण त्यांच्या जिभेवरून अनुनासिक केव्हाच उतरला होता. ‘हात’ या अर्थाच्या शब्दातील नासिक्य स्वर असाच जाऊन ‘रुका’ झाला. दोन ऱ्हस्व स्वरांसाठी पूर्वी दोन वेगळी चिन्हे होती. सर्बियात दोहोंचा उच्चार एक झाला व एकच चिन्ह पुरेसे ठरले. आम्ही शाळेत गेलो तोवर मराठीतले उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले होते. पण वाडवडिलांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत ते ठिपके मस्तकावर मिरवताना आम्ही पाहिले आहेत, म्हणून सर्बियन नकलनविसाच्या या धिटाईचे आम्हांला फारसे नवल वाटले नाही.

नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मध्ययुगीन सर्बियात लिहिण्याच्या दोन तऱ्हा होत्या. उपासना, संतचरित्रे, प्रवचने हे सारे उपासनेच्या स्लाव्होनिक भाषेत. तर सनदा, पत्रे, कायदे हे बोलीला जवळ असलेल्या सर्बियन भाषेत. सम्राट दुशान याची १३४९ साली संमत झालेली व १३५४ साली वाढविलेली प्रसिद्ध संहिता वाचली की, गुरे, शेत, चोरी, दंड यांची भाषा कशी जमिनीवर पाय रोवून उभी असते ते दिसते. मग प्राण्यांच्या कथा कोणत्या भाषेत लिहावयाच्या? जंगल, शिकार, दरबारातील कुरघोडी हा विषय तर रोजच्या जगाचा. पण कथा ग्रीक ग्रंथातून आली, तिच्यात तत्त्वज्ञ राजाला उपदेश करतो, म्हणून तिने उपासनेच्या भाषेचाच झगा घातला. आणि नकलनवीस तरी कोण? बहुधा मठातला किंवा धर्मगुरूच्या घरातला. सकाळी स्तोत्रसंहिता उतरविणारा हात संध्याकाळी कोल्ह्याची कथा उतरवी.

मात्र झगा थोडा सैल होता. स्तोत्रसंहितेची नक्कल करताना अक्षर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून जो धाक असे, तो कोल्ह्याच्या कथेत कोठून असणार? त्यामुळे अशा कथांच्या प्रतींत नकलनविसाच्या घरची बोली हळूच डोकावते. एखादे रूप उपासनेच्या भाषेतले, तर शेजारचे अंगणातले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोस्तेनेत्सचा कॉन्स्टँटिन हा विद्वान सर्बियात आश्रयास होता. त्याने अक्षरांविषयी एक मोठा प्रबंध लिहून नकलनविसांच्या अशा ढिलाईवर कडक कोरडे ओढले. त्याच्या दृष्टीने अक्षर बिघडले की अर्थ बिघडतो, आणि अर्थ बिघडला की पाखंड दारात येऊन उभे राहते. त्याची चिंता समजण्यासारखी आहे. तथापि आमचे मत विचाराल तर, त्या चुकणाऱ्या नकलनविसांचे आपल्यावर फार उपकार आहेत. त्यांनी अचूक लिहिले असते तर पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस घरात कसा बोलत होता याचा सुगावा आपल्याला लागला नसता.

या हस्तलिखितांची वाक्यरचना समजून घेताना आम्हांला संस्कृतच्या वर्गाची वारंवार आठवण झाली. संस्कृतात ‘सूर्य मावळला असता’ हा भाव दाखविण्यासाठी सति सप्तमी येते. ग्रीकमध्ये हेच काम षष्ठी करते. स्लाव्होनिकात ते चतुर्थीकडे सोपविले आहे, आणि ग्रीक षष्ठीच्या जागी ही चतुर्थी मोठ्या निष्ठेने बसविली जाते. विष्णुशर्म्याने सप्तमीत मांडलेला प्रसंग अनेक भाषांची वळणे घेऊन चतुर्थीत स्थिरावतो. बैल मात्र मरावयाचा तो मरतोच. त्याहून गमतीची गोष्ट द्विवचनाची. संस्कृतात दोन कोल्ह्यांसाठी द्विवचन आहे, अरबीतही आहे. परंतु सेथच्या काळच्या ग्रीक भाषेतून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. स्लाव्होनिक व्याकरणाने द्विवचन जपलेले होते. म्हणजे दोघांच्या गुप्त मसलतीसाठी जे रूप मूळ ग्रंथात होते, ते वाटेत हरवून दूरच्या एका भाषेत पुन्हा भेटण्याची सोय झाली. दोघांतच राहावयाच्या गोष्टीला द्विवचनाइतके शोभणारे दुसरे रूप कोणते असणार? मराठीने ते सोडून दिले, याची आम्हांला अधूनमधून हळहळ वाटते.

शैलीचे म्हणाल तर मूळ पंचतंत्रात गद्याच्या अंगणात सुभाषितांचे श्लोक पेरलेले आहेत; कथा थांबते, श्लोक येतो, पुन्हा कथा चालू लागते. स्लाव्होनिक रूपात श्लोक राहिले नाहीत, सारेच गद्य झाले. पण सुभाषिते गेली नाहीत. ती छोट्या, दोन अंगांच्या वाक्यांत बसली, आणि स्लाव्होनिक भाषेत अशी वाक्ये ऐकण्याची ज्याला सवय होती त्याला ती नीतिसूत्रांच्या किंवा बेनसिराच्या पुस्तकातल्यासारखी वाटली असणार. त्यात भर म्हणून प्रश्न विचारणाऱ्या हिंदी राजाचे अरबीतले ‘दबशलीम’ हे नाव ग्रीकमध्ये ‘अबेसालोम’ झाले होते. दावीद राजाच्या बंडखोर मुलाचे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हा राजा जुन्या करारातूनच उठून आल्यासारखा भासेल.

सर्बियन हस्तलिखितांत प्राण्यांचे आणखी एक पुस्तक होते, त्याचे नाव ‘फिझिओलोग’. ते प्राचीन ग्रीक ‘फिझिओलोगस’चे स्लाव्होनिक रूप. येथे प्राणी बोलत नाहीत. त्यांच्याविषयी बोलले जाते. आधी प्राण्याचा स्वभाव सांगावयाचा, मग ‘तसेच’ असा शब्द घालून माणसाला थेट हाक मारावयाची व अर्थ उलगडावयाचा, ही त्याची ठरलेली घडण. वाचकांना आपल्या महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’ची आठवण होईल. तेराव्या शतकात केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत संकलित केले, त्यांतही आधी दृष्टांत व मग त्याचा दार्ष्टान्तिक येतो. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. शिकविणाऱ्याला सगळीकडे हीच वाट सापडते इतकेच.

‘फिझिओलोग’मधला पेलिकन पक्षी आपल्याला चांगला परिचित आहे. स्वतःची छाती फोडून रक्ताने पिलांना जीवदान देणारा हा पक्षी अनेक ख्रिस्तमंदिरांत पवित्र साक्रामेंताच्या पेटीवर कोरलेला असतो, आणि संत थॉमस अक्विनास यांच्या साक्रामेंतावरील स्तोत्रात प्रभू येशूला त्याची उपमा दिलेली आहे. या पक्ष्यासाठी स्लाव्होनिक भाषेत जो शब्द आला तो मात्र चक्रावून टाकणारा आहे. स्तोत्र १०२ मध्ये रानातील पेलिकनाचा उल्लेख येतो, तेथे स्लाव्होनिक स्तोत्रसंहितेने ‘नेयेसित’ हा शब्द योजला. त्याचा अर्थ ‘ज्याचे पोट भरत नाही तो’. चोचीखालची मोठी पिशवी पाहून लोकांनी त्याला खादाड ठरविले असेल. म्हणजे जो पक्षी आपले रक्त देतो त्याचे नावच ‘अधाशी’! भाषांतरकाराने बदल करण्याचे धाडस केले नाही. जो शब्द होता त्यातच ख्रिस्ताची उपमा ओतली. प्रवचनासाठी निर्मळ शब्दांची वाट पाहत बसणाऱ्यांनी या पक्ष्याकडे पाहावे असे आम्ही तरुण धर्मगुरूंना थट्टेने सांगतो.

प्राणी केवळ पानांवर राहिले असेही नाही. कोसोवोतील डेचानीचे मठमंदिर १३२७ ते १३३५ या काळात उभे राहिले. ते ऑर्थोडॉक्स पंथाचे, परंतु त्याचा स्थपती होता कोतोर या समुद्रकाठच्या गावचा फ्रान्सिस्कन बंधू, फ्रा विता. मंदिराच्या दक्षिण दारावरील लेखात त्याचे नाव कोरलेले आहे. या मंदिराच्या खिडक्या, दारे व तोड्या यांवर सिंह, पंख असलेले काल्पनिक पशू व इतर जनावरे दगडात कोरलेली आहेत. आम्ही ते छायाचित्रांतच पाहिले आहे. बाहेर हे पशू आणि आत भिंतीवर रंगविलेला अंतिम न्याय. पूर्व व पश्चिम यांचे बिनसलेले असतानाही एका कॅथलिक बंधूने ऑर्थोडॉक्स राजासाठी ही जनावरे भिंतीवर येऊ दिली, हे चित्र आम्हांला फार आवडते.

ही हस्तलिखिते छापखान्यापर्यंत कशी आली तेही सांगितले पाहिजे. १८७० साली झाग्रेब येथील युगोस्लाव्ह विज्ञान व कला अकादमीच्या ‘स्तारिने’ या संग्रहात जुरो दानिचिच याने ‘स्तेफानित व इखनिलात या नावाच्या हिंदी कथा’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली हा मजकूर प्रसिद्ध केला. त्याच संग्रहाच्या पुढील एका भागात, १८७९ मध्ये, स्तोयान नोवाकोविच याने ‘फिझिओलोग’ छापला. अकादमीचे संस्थापक होते क्रोएशियातील जाकोवोचे कॅथलिक बिशप योसिप युराय स्ट्रॉसमायर. दानिचिच हा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूचा मुलगा. त्याने १८४७ साली लोकभाषेच्या बाजूने वादाचे रणशिंग फुंकले होते, आणि पुढे जुना करार साध्या सर्बियन भाषेत आणला. वुक कराजिच याच्या नव्या करारासह तो १८६८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला. घरात बोलतात तसे लिहावे असे म्हणणाऱ्या या माणसाने कोल्ह्यांची कथा मात्र जुन्या भाषेचे रूप जपून छापली. त्याला जुन्या भाषेचा तिटकारा नव्हता. तिची ठिकाणे त्याला ठाऊक होती.

छापण्याचे महत्त्व पुढच्या शतकात कळले. ६ एप्रिल १९४१ रोजी, आपल्या पंचांगाप्रमाणे तो झावळ्यांचा रविवार होता, जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले व सर्बियाचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. हजाराहून अधिक जुनी हस्तलिखिते एका दिवसात राख झाली. त्यांत सिकंदराच्या कथेची एक सुंदर सचित्र प्रतही गेली. नकलनवीस समासात आपल्या पापांची क्षमा मागून वाचकाने शिव्या देऊ नयेत अशी विनवणी करीत. अशा किती विनवण्या त्या आगीत गेल्या असतील!

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा पसारा मांडला तिच्याकडे येतो. संस्कृत मूळात दमनकाला शिक्षा होत नाही. बैल मरतो, सिंहाला पश्चात्ताप होतो, दमनक त्याची गोड शब्दांत समजूत घालतो आणि पुन्हा त्याच्या पदरी सुखाने नांदतो. राजनीतीच्या ग्रंथाला ते शोभतेही. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना ही कथा मुळाबरहुकूम सांगितली. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘फादर, मग कोल्ह्याला काहीच झालं नाही?’ इब्न अल्-मुकफ्फालाही हाच प्रश्न सतावला असावा. त्याने अरबीत एक संपूर्ण नवे प्रकरण जोडले: दिम्नाची चौकशी. दोघा कोल्ह्यांचे बोलणे एका बिबळ्याच्या कानी पडते, तो ते सिंहाच्या आईला सांगतो, आणि आई मुलाला स्वस्थ बसू देत नाही. हे प्रकरण ग्रीकमध्ये आले आणि तेथून स्लाव्होनिकात.

आमच्या मते सर्बियन हस्तलिखितांतील भाषेची खरी कसोटी येथे लागते. न्यायसभा भरते. त्या भाषेत न्यायालयाला व न्यायाला शब्द एकच, ‘सूद’. आणि मंदिराच्या भिंतीवर रंगविलेला अंतिम न्याय तोही ‘सूद’च. पाप, साक्ष, पश्चात्ताप, मृत्यू यांचे शब्द उपासनेत रोज कानी पडणारे. तेच शब्द घेऊन इखनिलात स्वतःचा बचाव करतो. बरे, तो अडखळत नाही. मरण सर्वांनाच आहे, देवाला सारे ठाऊक आहे, निरपराध्याला दोषी ठरविणाऱ्याचे काय होईल याचा विचार करा, अशा धाटणीने तो बोलत राहतो. दुशानच्या संहितेतल्या रोखठोक बोलीत हा बचाव लिहिला गेला असता, तर तो एका धूर्त आरोपीचे भाषण वाटला असता. उपासनेच्या भाषेत तो प्रवचन वाटतो. त्या काळी मठातल्या भोजनगृहात कोणी हे मोठ्याने वाचले असेल, तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला हा संत बोलतो आहे की कोल्हा, हे नुसत्या भाषेवरून ओळखता आले नसते. तशी सोयच त्या भाषेत नव्हती.

भाषांतरकाराने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यापाशी दुसरी ग्रंथभाषा नव्हती, म्हणून त्याने हाताशी होती ती वापरली. पण ज्याचे आयुष्य शब्दांवर चालले आहे, ज्याला दर रविवारी वेदीजवळ उभे राहून बोलावे लागते आणि आठवडाभर पापनिवेदनाच्या जाळीमागे बसून ऐकावे लागते, त्याला हे प्रकरण वाचताना थोडे चुळबुळल्यासारखे होते. ‘फिझिओलोग’चा सिंह व पेलिकन आपल्याला काय शिकावे ते सांगतात, इखनिलात मात्र आपलेच शब्द आपल्यासमोर बोलून दाखवतो. भक्तीचा शब्दसंग्रह पाठ करायला भक्ती लागत नाही. समेट संस्काराच्या वेळी अत्यंत सुबक, पोथीबंद भाषेत बोलणारे लोक आम्ही ऐकले आहेत, आणि ‘फादर, मी घाण केली’ एवढेच आपल्या बोलीत म्हणून गप्प राहिलेलेही ऐकले आहेत. कोणाचे नाव घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्या दुसऱ्या माणसाची बोली ऐकताना त्या नकलनविसांची चूक आठवते: उंच भाषेच्या ओळीत नकळत येऊन बसलेले अंगणातले रूप.

सुनावणीत एक प्रसंग असा येतो की न्यायाधीश कोल्ह्याला कबुली देण्याचा सल्ला देतो. या जगातली शिक्षा परलोकातल्या शिक्षेहून बरी, कबुली दिलीस तर तुझा आत्मा हलका होईल, असा त्याचा आशय. कोणाही धर्मगुरूने हेच सांगितले असते. आणि कोल्ह्याचे उत्तर? जे मी केले नाही ते केले म्हणणे म्हणजे स्वतःविरुद्ध खोटी साक्ष देणे, आणि तेच पाप होय. आपण न्यायाधीश असून मला पाप करण्यास कसे सांगता? उत्तर शास्त्रशुद्ध आहे. त्यातला एकही शब्द खोडता येत नाही. खोटे आहे ते फक्त ‘मी केले नाही’ एवढेच, आणि ते शब्दकोशातून सापडण्यासारखे नाही. ते सापडते बिबळ्याच्या साक्षीतून. रात्री, कोणी ऐकत नाही असे समजून दोघे कोल्हे आपसांत जे बोलले होते त्यातून. इखनिलात मरणाच्या शिक्षेस पात्र ठरतो आणि प्रकरण संपते.

त्यानंतर, या हस्तलिखितांच्या रिवाजाप्रमाणे लाल शाईत, पुढचे शीर्षक येते. राजा तत्त्वज्ञाला सांगतो की, लबाडाने मैत्री कशी तोडली ते आम्ही ऐकले, आता खऱ्या मित्रांची कथा सांगा. आणि पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे सगळी मिळून ते जाळे घेऊनच उडतात.